‘एकदम ठणठणीत आहे, डॉक्टर!’

पुण्यात नोकरी करणाऱ्या ४७ वर्षांच्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. वडील ७७ वर्षांचे, हायस्कूलमध्ये गणित शिकवून निवृत्त झालेले. दोन वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हापासून ते वाईच्या घरी एकटेच राहतात. बीपी, शुगर आणि प्रोस्टेटच्या गोळ्या चालू आहेत. दर तीन महिन्यांनी लेक पुण्याहून गाडी घेऊन जाते आणि त्यांना साताऱ्याच्या डॉक्टरांना दाखवून आणते. घरात उठताना ते भिंत धरतात. दिवाळीत मोरीपाशी पडले, तेही शेजारच्या काकूंकडून कळलं. पण डॉक्टरांनी ‘काय म्हणताय सर, बरं आहे ना?’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘एकदम ठणठणीत!’ मागच्या खेपेला लेकीला राहवलं नाही. डॉक्टरांसमोरच ती म्हणाली, ‘बाबा, खोटं का बोलता? पडलात ना?’ परतताना वडील गाडीत एक शब्द बोलले नाहीत. रात्री फोनवर म्हणाले, ‘पुढच्या वेळी तू येऊ नकोस. मला एसटी फुकट आहे, माझा मी जाईन.’ परदेशातला भाऊ दर वेळी ‘डॉक्टर काय म्हणाले?’ एवढंच विचारतो. पुढची तारीख तीन आठवड्यांवर आली आहे. लेक विचारते, ‘बाबांना न सांगता डॉक्टरांना आधीच सगळं लिहून पाठवू का? की त्यांचं ते बघतील म्हणून सोडून देऊ? किती वेळा म्हटलं, घराला कुलूप लावा आणि पुण्याला या. ऐकतच नाहीत.’

प्रिय ताई,

सुट्टी टाकायची, पहाटे पुणं सोडायचं, खंबाटकी चढून सुरूर फाट्याला वळायचं, बाबांना घेऊन सातारा गाठायचं, नंबर येईपर्यंत बाकड्यावर बसायचं आणि रात्री उशिरा पुन्हा आपलं घर. वर्षातून चार वेळा हे सगळं करणाऱ्या लेकीला ‘येऊ नकोस’ ऐकावं लागलं. ते किती लागलं असेल, हे तुमच्या पत्रात दिसतंच आहे. पुढे मी काही प्रश्न विचारणार आहे, पण तुमच्या मायेबद्दल त्यात तिळमात्र शंका नाही, हे आधी सांगते.

मी अडले ती ‘खोटं’ या शब्दापाशी. डॉक्टर जे विचारतात, ‘काय म्हणताय, बरं आहे ना?’, तो आपल्याकडे प्रश्न नसतोच, तो रामराम असतो. पारावर, देवळाच्या पायरीवर, लग्नाच्या मांडवात कुणीही हे विचारतं आणि ‘बरं आहे’ असंच म्हणायचं असतं. विचारणाऱ्याला धरून गुडघ्याची कहाणी ऐकवायची नाही, हे बाबांच्या पिढीच्या अंगवळणी पडलंय. त्यात डॉक्टर त्यांना ‘सर’ म्हणतात. पस्तीस वर्षं खडू हातात धरलेला माणूस ‘सर’ ऐकल्यावर ताठच बसणार. त्या क्षणी त्यांच्या तोंडून मोरीतलं पडणं निघणं अवघड आहे. त्यांनी रीतीला धरून उत्तर दिलं. तुम्ही त्याला खोटं म्हटलंत, तेही परक्या माणसासमोर.

आता तुमच्या शेवटच्या वाक्याकडे येते. घराला कुलूप लावा आणि पुण्याला या. तुम्ही ते जाता जाता लिहिलंय, मी मात्र तीनदा वाचलं. जरा बाबांच्या जागी बसून बघा. पडलो हे एकदा कबूल केलं की त्यापुढे काय होणार? कुलूप लागणार. कृष्णेचा घाट सुटणार, सकाळच्या चहाचे सोबती सुटणार, दोन वर्षांपूर्वीपर्यंत आई जिथे वावरली तो ओटा सुटणार. ‘ठणठणीत’ म्हणत म्हणत ते हे घर राखत असावेत, असं मला वाटतं. माझा अंदाज चुकीचाही असेल. त्यांना विचाराल तेव्हाच खरं काय ते कळेल, आणि ते वाईच्या घरी विचारायचं, डॉक्टरांच्या केबिनमध्ये नाही.

म्हणून येत्या शनिवारी दवाखान्याचं काहीही काम न काढता वाईला जा. ‘सगळ्यांसमोर मी तसं बोलायला नको होतं, बाबा’ एवढंच म्हणा आणि त्याला ‘पण’ जोडू नका. मग हेही सांगा की पडल्याचं डॉक्टरांना सांगितलं म्हणून पुण्याचा विषय निघणार नाही. कुठवर निघणार नाही ते तुम्ही ठरवा, सहा महिने म्हणा, वर्ष म्हणा, पण शब्द दिलात तर पाळा. पाळता येणार नसेल तर देऊच नका. तसे बाबा हिशेबाला पक्के आहेत.

डॉक्टरांना परस्पर लिहू का, असं तुम्ही विचारलंय. लिहा, मात्र बाबांच्या पाठीमागे लिहू नका. कागदाच्या एका बाजूवर मावेल एवढंच लिहा आणि ते आधी बाबांना वाचून दाखवा. एखादी ओळ त्यांनी खोडली तर खोडू द्या, फक्त का खोडली ते विचारा. चोरून पाठवलेली चिठ्ठी कधी ना कधी उघडी पडते. डॉक्टर सहज बोलून जातात, ‘तुमच्या मुलीने कळवलं होतं’, आणि मग बाबांचा तुमच्यावरचाही विश्वास जातो आणि डॉक्टरांवरचाही. अडचण एवढीच की काही गोष्टी खोडू देण्यासारख्या नसतात. डोक्यावर पडणं, शुद्ध हरपणं, ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकणं, यातलं काही झालं असेल तर त्यांच्या तोंडावर सांगा, ‘हे मी डॉक्टरांना सांगणार आहे. तुम्ही सांगितलंत तर उत्तम, नाहीतर मी सांगेन.’ लपवाछपवी झाली नाही की राग फार दिवस टिकत नाही. आणि डोक्याला मार लागला असेल, त्यातही रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, किंवा अचानक बोलणं अडखळलं, तोंड एका बाजूला ओढलं गेलं, तर तीन आठवड्यांनंतरच्या तारखेची वाट बघायची नाही. त्याच क्षणी दवाखाना गाठायचा.

आता तयारीचं बोलू. जगभरातल्या डॉक्टरांकडे पेशंटच्या वाट्याला किती वेळ येतो, यावर २०१७ साली ‘बीएमजे ओपन’ या नियतकालिकात ६७ देशांचा आढावा आला होता. स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं, बांगलादेशात ४८ सेकंद, आणि आपल्याकडे जेमतेम दोन मिनिटं. तुमच्या डॉक्टरांकडे पाच मिळत असतील तरी त्यात तीन महिने कसे मावणार? म्हणून ते घरूनच मोजून न्यायचे. तुमचे बाबा गणिताचे शिक्षक आहेत, हे मला या सगळ्या पत्रातलं सर्वांत आशेचं वाटलं. त्यांना कसं वाटतं हे विचारू नका, किती वेळा ते विचारा.

घरात दिनदर्शिका असेलच. दुधाचा खाडा जसा चौकटीत मांडतात तसंच हे मांडायचं. उठताना गरगरलं की त्या तारखेत ‘भ’, भोवळीचा. तोल जाऊन पडलं किंवा पडता पडता वाचलं की ‘प’. कोपऱ्यात आकडा, रात्री लघवीला किती वेळा उठले त्याचा. बस्स, एवढंच. पेन्सिल दोऱ्याने खिळ्याला बांधून ठेवा, नाहीतर ती सापडत नाही म्हणून दोन दिवसांत सगळं बंद पडतं. नोंद बाबांनीच करायची. फोनवर रोज ‘लिहिलंत का?’ म्हणून विचारू नका, तो गृहपाठ तपासल्यासारखा होतो. तीन आठवड्यांनी डॉक्टरांसमोर ते जेव्हा म्हणतील, ‘एकवीस दिवसांत नऊ वेळा, त्यातले सात सकाळी’, तेव्हा ती तक्रार राहणार नाही, त्यांचं निरीक्षण होईल. आणि निरीक्षण सांगताना त्यांची मान खाली जाणार नाही.

शुगरचंही त्यांना त्यांच्या भाषेत सांगता येईल. एचबीएवनसी ही तपासणी साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगते. ९० आणि १० ची सरासरी पन्नास येते आणि ४९ आणि ५१ ची पण पन्नासच, हे त्यांनी किती वर्गांना शिकवलं असेल! शुगर अधूनमधून फार खाली उतरत असेल तर नुसत्या सरासरीवरून ते दिसत नाही. म्हणून घरी ग्लुकोमीटर असेल तर गरगरल्यावर आधी बसायचं आणि त्याच वेळी शुगर बघायची. ७० च्या खाली असेल तर लगेच साखरपाणी घ्यायचं, आणि तो आकडाही चौकटीत लिहायचा.

बीपीसाठी तारखेआधीचे सात दिवस पुरेत. सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी, खुर्चीला पाठ टेकून पाच मिनिटं शांत बसून, पाय जमिनीला टेकलेले, दंड छातीच्या पातळीला. आधीच्या अर्ध्या तासात चहा आणि तंबाखू दोन्ही नको. दोनदा मोजायचं, मध्ये मिनिटभर थांबून. पुष्कळांचं बीपी डॉक्टरांपुढे नेहमीपेक्षा जास्त येतं, घरचे आकडे सोबत असले की डॉक्टरांनाही निर्णय सोपा जातो.

यापेक्षाही मला काळजी वाटते ती गोळ्यांची, आणि याला कारण माझी आई आहे. तिच्या गोळ्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात असायच्या. एका दुपारी आम्ही दोघींनी फरशीवर वर्तमानपत्र पसरलं आणि डबा उपडा केला. मेडिकलवाले दहाच्या पट्टीतून कापून चार-पाच गोळ्या देतात, तुम्हाला माहीत असेल. नाव एका तुकड्यावर जातं, तारीख दुसऱ्यावर. असे बिननावाचे सहा तुकडे निघाले. उरलेल्या पट्ट्या मी मोबाईलच्या कॅमेऱ्यात मोठ्या करून वाचत गेले. एक पट्टी निळी, एक चंदेरी, वरची नावं वेगळी, खालच्या बारीक ओळीत मात्र दोन्हींवर एकच औषध होतं, बीपीचं टेल्मिसार्टन. एक गावातल्या डॉक्टरांनी दिलेली, दुसरी शहरातल्या. आई दोन्ही घेत होती, रोज, न चुकता, देवासमोर दिवा लावावा तशी. वर्षभर तिला भोवळ यायची आणि आम्ही ‘वय झालं’ म्हणत राहिलो. ते वर्ष आठवलं की आजही मला वाईट वाटतं.

म्हणून तुम्हीही बाबांसोबत वर्तमानपत्र पसरा. त्यांच्या हाताने, त्यांच्या डब्यातलं. आणि नुसती यादी नेऊ नका, सगळा डबाच पिशवीत घालून न्या. गुडघ्यासाठी परस्पर आणलेली दुखण्याची गोळी, चूर्ण, काढा, डोळ्यांचे थेंब, झोपेची अर्धी गोळी, सगळं. दुखण्यावरच्या साध्या वाटणाऱ्या गोळ्या, डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनसारख्या, बीपी वाढवतात आणि मूत्रपिंडांवर ताण आणतात. बीपीच्या गोळ्यांसोबत आणि या वयात तर त्यांचा धोका जास्तच. पण डॉक्टरांनी ‘आणखी काही घेता का?’ असं विचारलं की या गोळ्या कुणाला आठवत नाहीत, कारण त्यांना कुणी औषध समजतच नाही.

बाबांच्या बाबतीत एक प्रश्न तर मी कागदावर पहिल्या ओळीतच लिहीन. प्रोस्टेटसाठी देतात त्या टॅम्सुलोसिनसारख्या गोळीने उभं राहिल्यावर बीपी एकदम उतरू शकतं, बीपीची औषधं जोडीला असली तर अधिकच. तेव्हा डॉक्टरांना विनंती करा की बीपी आडवं असताना बघा आणि उभं राहिल्यावर एक आणि तीन मिनिटांनी पुन्हा बघा. वरचा आकडा वीस किंवा खालचा दहा उतरला तर भोवळीचं कारण तिथे असू शकतं, आणि ते गोळी किंवा वेळ बदलून सुटण्यासारखं असतं. हे वाचून कुठलीही गोळी आपल्या मनाने बंद करू नका. तोवर बाबांना एवढं सांगा की सकाळी अंथरुणातून उठताना आधी काठावर बसा, पाय हलवा, शंभरपर्यंत अंक मोजा आणि मग उभे राहा.

पुढच्या खेपेला केबिनमधल्या बसण्याकडेही लक्ष द्या. आपल्याकडे पेशंटचं स्टूल टेबलाच्या कडेला असतं आणि सोबत आलेल्याची खुर्ची डॉक्टरांच्या थेट समोर. मग बघता बघता डॉक्टर समोरच्याशी बोलायला लागतात. ‘यांना झोप लागते का?’, ‘यांचं जेवण कसं आहे?’ बाबा बाजूला बसून स्वतःबद्दलचं ऐकतात. तुम्ही आपली खुर्ची एक हात मागे घ्या, बाबांच्या खांद्याच्या मागे. डॉक्टरांनी तुम्हाला विचारलं तरी बाबांकडे बघा आणि थांबा. ती शांतता फार लांब वाटेल, पण मध्ये बोलू नका. वयामुळे शब्द जुळवायला दोन श्वास जास्त लागतात, आणि नेमक्या त्या दोन श्वासांत आपण बोलून मोकळे होतो.

शेवटची काही मिनिटं तुम्ही बाहेर जाऊन बसा. ‘मी बाहेर आहे, तुमचं काही बोलायचं असेल तर बोला’, असं म्हणूनच उठा. लघवीचा त्रास लेकीसमोर सांगणं बाबांना जड जाणारच. हे मुलांनाही सांगते. आईला घेऊन जाणारे कितीतरी मुलगे लिहितात, ‘आई काही बोलतच नाही.’ खोकला आला की लघवी होते, अंगावरून जातं, हे ती मुलासमोर कशी बोलेल? मिश्रीचंही ती सांगणार नाही. एखाद्या वेळी मावशीला, नणंदेला, शेजारणीला सोबत पाठवा.

निघताना डॉक्टरांनी काय सांगितलं ते बाबांनी स्वतः म्हणून दाखवावं, ‘म्हणजे सकाळची अर्धी, रात्रीची तीच, आणि महिन्याने रक्त. बरोबर?’ चूक असेल तर ती तिथेच कळते, वाईला पोचल्यावर नाही. तपासणीला रक्त द्यायचं असेल तर ते उपाशीपोटी द्यायचं का, आणि त्या सकाळी शुगरची गोळी घ्यायची की नाही, हे दोन्ही विचारून ठेवा. उपाशीपोटी शुगरची गोळी घेऊन रांगेत उभे राहिलेले आजोबा घामाघूम होऊन बसलेले मी पाहिले आहेत.

भावाला एक काम द्या. त्याचे प्रश्न त्याने आदल्या रात्री बाबांना फोन करून सांगायचे, तुम्हाला नाही. दवाखान्यातून व्हिडिओ कॉल नको. घरी आल्यावर डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो बाबाच त्याला पाठवतील.

ज्यांना कानाने कमी ऐकू येतं त्यांनी आधी कानातला मळ काढून घ्यावा. यंत्र असेल तर त्याच्या बॅटऱ्या बदलून जावं. चष्मा विसरू नये. दवाखान्यात दाखल झालेले असाल तर तिथली कागदपत्रं मागायला संकोच करू नका, मागितल्यापासून ७२ तासांत ती द्यावीत असा डॉक्टरांसाठीचा २००२ सालापासूनचा नियम आहे. आणि ज्यांच्याजवळ मुलं नाहीत, किंवा असून लांब आहेत, त्यांनी १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा फोन नंबर दिनदर्शिकेवरच लिहून ठेवावा.

ताई, राहिली बाबांची एसटी. २०२२ च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरी पार केलेल्यांना राज्य परिवहनचा प्रवास मोफत आहे, आणि बाबांना त्याचा अभिमान आहे, हे त्यांच्या बोलण्यातून कळतं. मग या खेपेला तुमची गाडी वाईतच राहू द्या आणि त्यांच्यासोबत एसटीने साताऱ्याला जा. त्यांना तिकीट नाही आणि तुमचं अर्धं. फाईल त्यांच्या मांडीवर, गोळ्यांची पिशवी तुमच्याकडे, खिडकी त्यांना. फक्त सातारा स्टँड आला की त्यांना लगेच उठू देऊ नका. बस पूर्ण थांबू दे, गर्दी उतरू दे, मग त्यांना दांडी धरून उभं राहू द्या. तुम्ही एक पाऊल मागे राहा.